घरात लहान मूल असताना दिवाळी: या चुका टाळा

वसुबारस उद्यावर आली की किल्ल्याची आठवण होते. तोवर उशीर झालेला असतो. अळीव दोन-तीन दिवसांत फुटतात, पण डोंगर हिरवा दिसायला आठवडा जातो. तेव्हा किल्ल्याची माती निदान आठ-दहा दिवस आधी भिजवा. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात तयार किल्लेही मिळतात, पण चार वर्षांच्या मुलाची सगळी मजा चिखलात हात घालण्यात असते. तिथून मावळे आणा, किल्ला घरीच करा.

नुसता मातीचा ढीग रचला तर वाळताना तडे जातात आणि बुरूज ढासळतात. आधी विटा-दगड रचा, त्यावर ओलं पोतं पसरा, मग चिखल लिंपा. एकच जाड थर नको. दोन पातळ थर द्या, मध्ये अर्धा दिवस जाऊ द्या. तरी चीर पडली तर कोरडी माती कोंबू नका, ओल्या हाताने तीच जागा चोळा. अळीव भिजवून पेरण्याची चूक तर हमखास होते. पाण्यात ते बुळबुळीत होतात, एकमेकांना चिकटतात आणि एकाच जागी झुपका उगवतो. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरा, पाणी तांब्याने ओतू नका, फवाऱ्याने मारा. गॅलरीत किल्ला असेल तर खाली प्लास्टिक अंथरा आणि पाणी जाण्याच्या जाळीवर फडकं ठेवा, नाहीतर माती पाइपात बसते.

फराळाचे सगळे प्रकार घरी झालेच पाहिजेत, हा हट्ट रांगतं मूल असलेल्या घराने सोडावा. एखाद-दोन प्रकार करा, तेही मूल झोपल्यावर, कढई मागच्या बर्नरवर ठेवून. बाकीचं विकत आणण्यात कसलाही कमीपणा नाही. चकली करायचीच तर भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ हे प्रमाण सहसा दगा देत नाही. वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत मोहन घ्या. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय किंवा तेल पुरेसं तापलेलं नाही. सोऱ्यातून पडताना तुटत असेल तर पीठ घट्ट आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर आच मोठी होती: बाहेरून रंग आला, आत ओल राहिली. मध्यम आचेवर तळा आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबल्यावरच काढा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी चिवडा वेगळा काढा, त्यात अख्खे शेंगदाणे, काजू, खोबऱ्याचे काप नकोत. घशात अडकतात.

अभ्यंगाला तान्ह्या बाळाच्या अंगावर उटणं खसाखसा चोळू नये. नुसतं कोमट तेल पुरे. पाणी कोपर बुडवून पाहा. पहाटे उठवलंच पाहिजे असंही नाही.

पणत्या दोन-तीन तास पाण्यात बुडवून मग वाळवा, म्हणजे तेल कमी पितात. त्या मुलाच्या हाताच्या वर आणि पडद्यांपासून लांब ठेवा. रांगोळीच्या मधोमध पणती छान दिसते, पण परकर-पोलक्यातली चिमुरडी तिथेच घुटमळते. ती जागा टाळाच.

आवाज होत नाही म्हणून नागगोळी निरुपद्रवी समजली जाते. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलांच्या आवडत्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कण सर्वांत जास्त सोडले ते याच गोळीने. वर मुलं ती पेटवतात वाकून, नाक जवळ नेऊन. दमेकरी मूल असेल तर ती घरात आणूच नका. फुलबाजी एका वेळी एकच, सुती कपडे आणि पायात बूट. विझलेली तार बराच वेळ तापलेली राहते आणि अनवाणी पाय नेमका तिच्यावर पडतो. म्हणून पाण्याची बादली शेजारी हवी, तार थेट तिच्यात. भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. फोड आले, किंवा चेहरा, हात भाजला असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्या.