सांगलीतून पंक बँडचा पहिला अल्बम कसा करावा

सांगली-मिरजेत पंक, म्हणजे छोटी, वेगवान, चिडलेली रॉक गाणी वाजवणारा बँड काढू पाहणारी मुले भेटली की त्यांच्या बोलण्यात आधी बँडचे नाव येते, मग कपडे, मग पहिल्याच कार्यक्रमात लोकांना कसा धक्का द्यायचा याचे बेत. गाणी किती तयार आहेत असे विचारले तर दोन, फार तर तीन. हा क्रम उलटा केल्याशिवाय अल्बम होत नाही, हे मी एका बँडमध्ये सहा वर्षे गिटार वाजवून शिकलो. ही मुले ज्यांचे नाव सर्वांत जास्त घेतात, त्या सेक्स पिस्टल्सची हकिगतही हेच सांगते.

लंडनच्या या बँडने पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ रोजी सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात केला. ज्या प्रसंगाने त्यांचे नाव घराघरांत पोचले तो मात्र १ डिसेंबर १९७६ चा. क्वीन या बँडचे येणे रद्द झाल्यामुळे यांना टीव्हीवर बोलावले गेले, मुलाखतकार बिल ग्रंडी यांनी त्यांना डिवचले आणि संध्याकाळच्या थेट प्रक्षेपणात शिव्या गेल्या. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्यानेच भरली, ठरलेल्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम रद्द झाले, जानेवारीत ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने संबंध तोडले, मार्चमध्ये ए अँड एम कंपनीने राणीच्या राजवाड्याबाहेर करार केला आणि आठवड्याच्या आत तोही मोडला. शेवटी व्हर्जिन कंपनीने त्यांना घेतले, आणि राणीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात तिच्यावर केलेले त्यांचे गाणे बीबीसीने बंद करूनही विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. २८ ऑक्टोबर १९७७ रोजी आलेला पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. या धामधुमीत एक गोष्ट नजरेतून सुटते: ग्रंडींच्या कार्यक्रमाआधी हा बँड वर्षभर छोट्या छोट्या जागी वाजवत होता, आणि अल्बममधील बरीच गाणी त्याच काळात तासून निघाली होती. गाजावाजा झाला तेव्हा त्यांच्या हातात गाणी होती.

म्हणून सुरुवात गाण्यांपासून करावी, आणि बारा गाणी पक्की झाल्याशिवाय रेकॉर्डिंगचा विषय काढू नये. बारा हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी होती आणि ती सगळी मिळून सुमारे एकोणतीस मिनिटांची होती. दोन मिनिटांच्या गाण्यात एकच तक्रार मावते, म्हणून ती नेमकी असावी लागते. ‘व्यवस्था सडली आहे’ असे ओरडणारे गाणे कुणालाच टोचत नाही. आमचे ज्या गाण्यावर पाय ठरले ते उसाच्या बिलाचे होते. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे, आणि आमच्यापैकी दोघांच्या घरी ते चौदा दिवस किती लांबतात हे लहानपणापासून पाहिलेले होते. पंक गाणी ‘एक, दोन, तीन, चार’ असे ओरडून सुरू करण्याची जी रीत आहे, तीच मोजणी आम्ही चौदापर्यंत नेली, आणि चौदावर वाद्ये न वाजता शांतता ठेवली. बांबवड्याच्या बाजूच्या एका गावात ते पहिल्यांदा वाजवले तेव्हा पुढे बसलेली म्हातारी माणसे दुसऱ्या फेरीला आमच्याबरोबर मोजू लागली.

भाषा आपल्या घरातली ठेवावी. इंग्रजी उच्चारात मराठी गाणे, किंवा पुस्तकी मराठीत राग व्यक्त करणे, दोन्ही ऐकताना खोटे वाटते; ‘कुठं अडलंय’ असे आपण म्हणतो तर गाण्यातही तेच यावे. चिथावणीची परंपरा शोधायला लंडनला जाण्याचीही गरज नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे याच जिल्ह्यातले, सत्यशोधकी जलसे याच मुलखात गावोगाव झाले, आणि तमाशातील बतावणी पाटलाच्या तोंडावर पाटलाची टर उडवत आली. या सगळ्यांनी बोट वर रोखले, खाली नाही. दुबळ्याची चेष्टा करून धक्का देणे फार सोपे असते आणि त्याचे गाणे वर्षभरही टिकत नाही.

शब्द लिहून झाल्यावर एखाद्या वकिलाला वाचायला द्यावेत, हा सल्ला पंकवाल्यांना रुचत नाही, तरी तो पाळावा. भारतीय न्याय संहितेत बदनामी, सार्वजनिक ठिकाणची अश्लील गाणी आणि धार्मिक भावना दुखावणे यांसाठी वेगवेगळी कलमे आहेत, आणि कोणती ओळ कोणत्या कलमाजवळ जाते हे माहीत असले म्हणजे जी जोखीम घ्यायची ती समजून घेता येते. पिस्टल्सच्या अल्बमच्या नावातच एक असभ्य शब्द होता; नॉटिंगहॅमच्या एका दुकानदाराने तो अल्बम काचेमागे लावला म्हणून त्याच्यावर १८८९ च्या कायद्याखाली खटला झाला. बचाव पक्षाने विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक साक्षीला आणले, त्यांनी त्या शब्दाचा जुन्या इंग्रजीपासूनचा इतिहास सांगितला आणि दुकानदार निर्दोष सुटला. आपल्या गाण्यातील प्रत्येक शब्द असा उभा राहून सांगता आला पाहिजे.

सरावाची जागा हा आपल्याकडचा खरा अडसर. घरात ड्रम वाजवता येत नाहीत आणि मंगल कार्यालय रोज परवडत नाही. आम्हाला मार्केट यार्डाजवळ हळदीचे एक गोदाम संध्याकाळनंतर मिळाले, आणि ते नशीबच ठरले, कारण भरलेल्या पोत्यांच्या थप्प्या आवाज शोषून घेतात आणि घुमारा राहत नाही. वरचा पत्रा मात्र किक ड्रमबरोबर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर, थरथरतो. जिथे तो सैल असेल तिथे खालून रबराचे तुकडे खोचावेत. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, आणि निम्मा वेळ मेट्रोनोम या ठेका धरून देणाऱ्या यंत्राबरोबर. आमचा ड्रमर बेंजो पार्टीत ताशा आणि हलगी वाजवून आलेला असल्यामुळे त्याच्या हातांना तोड नव्हती, पण किकच्या पायाला ती सवय नव्हती, आणि तो पाय हातांच्या बरोबरीला यायला चार महिने लागले. गिटारची जुळणीही जाणत्याकडून करून घ्यावी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्या झणत्काराला जवारी म्हणून मुद्दाम उघडतात, तसाच आवाज गिटारच्या पट्टीवर आला तर तो दोष असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये दुप्पट ऐकू येतो.

जाहीर कार्यक्रमांबद्दल थोडक्यात सांगतो: महाविद्यालयाचे गॅदरिंग, गणपती मंडळ, ओळखीच्यांचे अंगण, जिथे बोलावतील तिथे जावे, ध्वनिवर्धकाची परवानगी आयोजकांच्या भरवशावर न सोडता कागद स्वतः पाहावा, आणि रात्री दहाला थांबावे. प्रत्येक कार्यक्रम फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐकावा. ज्या गाण्यात लोक तीन वेळा चुळबुळले ते गाणे कितीही लाडके असले तरी अल्बममध्ये घेऊ नये.

आता रेकॉर्डिंग. पिस्टल्सचा अल्बम रागाच्या भरात एका दमात वाजवून टाकला असेल असे ऐकणाऱ्याला वाटते, पण तो लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ख्रिस थॉमस आणि बिल प्राइस या मुरलेल्या माणसांनी थरावर थर चढवून घडवला आहे. थॉमस यांनी त्याआधी पिंक फ्लॉइड आणि रॉक्सी म्युझिकबरोबर काम केले होते. बँडमधला सिड व्हिशस बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर, होता, पण त्याला ते वाद्य जेमतेम येत असल्यामुळे बहुतेक गाण्यांतील बेसही गिटारवादक स्टीव्ह जोन्सनेच वाजवला, आणि त्याच्या गिटारचे अनेक थर एकमेकांवर बसवले. अल्बमचा तो भिंतीसारखा आवाज पॉल कुकच्या स्थिर ड्रमवर आणि जोन्सच्या त्या एकट्या हातावर उभा आहे. यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात: बँडमधला मान आणि रेकॉर्डिंगमधले काम या वेगळ्या बाबी मानाव्यात, आणि गिटार किमान दोनदा, खरोखर दोनदा वाजवून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवावी. एकच टेक नक्कल करून दोन्हीकडे ठेवल्यास रुंदी येत नाही.

स्टुडिओचे भाडे देणे शक्य असेल तर फक्त ड्रमसाठी द्यावे, बाकी सगळे घरी होते. तेही शक्य नसेल तर गोदामातच चार माइकवर काम भागते: एक किकमध्ये, एक स्नेअरवर (समोरचा, कडक आवाजाचा छोटा ड्रम), दोन वर टांगलेले. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, आणि ते अंतर सुतळीने मोजावे. अंदाजाने लावले तर स्नेअरचा आवाज पोकळ येतो आणि पुढे कशानेही भरून निघत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये करावे आणि पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवावी. बेस त्यानंतर, गिटार त्यानंतर, आणि गायन सर्वांत शेवटी, वाकळी टांगलेल्या कोपऱ्यात, दिवसाला दोनच गाणी, कारण ओरडून गायलेला गळा तिसऱ्या गाण्याला फाटतो.

काळ निवडताना मी केलेली चूक करू नका. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून मी डिसेंबर निवडला, आणि गळीत हंगाम विसरलो. उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्याने मोठ्याने गाणी लावून जात होते आणि आमच्या चार गाण्यांच्या ड्रममध्ये ती गाणी शिरली. ती चारही पुन्हा करावी लागली. मार्चअखेर ते मे, सकाळची वेळ, हे आम्हाला शेवटी जमले.

मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवणे, बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावे, कारण आपल्याला आपलीच गिटार कमी ऐकू येते. मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्यावरच्या शेवटच्या संस्कारात, आवाज दाबून फुगवण्याचा हट्ट धरू नये. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्यांचा आवाज ठरावीक पातळीवर आणूनच वाजवतात.

पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वहीत असावा. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडने पाचशे पौंड उसने घेऊन चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर हजार प्रती काढल्या. कंपनीची वाट पाहिली नाही. ते उदाहरण माझ्या मते पिस्टल्सपेक्षा आपल्याला जवळचे आहे. मात्र शब्द कोणाचे, चाल कोणाची, उत्पन्न कसे वाटायचे, हे प्रसिद्धीआधी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे म्हणून आम्ही ते टाळले, आणि बेसवादक सोडून गेला तेव्हा दोन गाणी वर्षभर अडकून पडली. मुखपृष्ठासाठी लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला गाठावा. दोन रंगांत, जाड कागदावर, तो स्वस्तात आणि नीट छापून देतो, आणि पंकला दोन रंग पुरतात.

शेवटी सुट्या ट्रॅकच्या सगळ्या फाइली दोन ड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक कृष्णेच्या पूररेषेबाहेरच्या घरी असावी. २०१९ च्या पुरात अशाच फाइलींची आमची एक पेटी गावभागातल्या तळमजल्यावर होती.