पिंपातल्या ताकदीची माल्ट शेतावर चाखण्यापूर्वी: तयारीची यादी

शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेली आणि पाणी न मिसळता बाटलीत भरलेली सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, मोड आणलेल्या जवापासून केलेली) व्हिस्की यवतमाळकडच्या शेतावर चाखायची असेल, तर बाटलीइतकीच काळजी पाण्याची घ्यावी लागते. म्हणून या यादीत पहिले नाव पाण्याचे. अशा ‘कास्क स्ट्रेंथ’ व्हिस्कीत अल्कोहोल बहुधा ५५ ते ६० टक्के असते आणि आपल्याकडच्या नेहमीच्या भारतीय व्हिस्कीत ४२.८ टक्के, म्हणजे पाणी किती आणि कोणते घालायचे, हे काम कारखान्याने आपल्यावर सोपवलेले असते. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरू नये. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. मी मात्र पहिल्या खेपेस तिकडच्याच एका मळ्यावरचे पाणी घालून चांगली माल्ट मचूळ करून बसलो होतो. गावात येणारा आरओचा कॅन पुरेसा आहे. ते पाणी माठात ओतू नये, कारण एरवी हवासा वाटणारा मातीचा वास इथे मध्ये येतो.

पाणी अंदाजाने ओतण्याऐवजी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज आणून ठेवावी. ६० टक्क्यांच्या १५ मिलिलिटर व्हिस्कीत ३ मिलिलिटर पाणी घातले की ताकद सुमारे ५० टक्के होते आणि ५ मिलिलिटर घातले की सुमारे ४५. आधी एक थेंबही न घालता वास घ्यावा, जिभेवर अगदी थोडी घ्यावी आणि मग मिलिलिटर-मिलिलिटरने पाणी वाढवत जावे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपावरून दाखवले की ग्वायाकोल हा धुरकट वासाचा घटक ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, तर ५९ टक्क्यांच्या वर तो आत दबतो. पाण्याने वास खुलतो, असे जाणकार म्हणत आले, त्याला यातून आधार मिळाला. पाणी घातल्यावर ग्लास किंचित गढूळ दिसला, तर कॅनवाल्याला दोष देऊ नये. थंड करून गाळलेली नसलेली व्हिस्की सुमारे ४६ टक्क्यांखाली आली की तिच्यातील तेलकट घटक असे दिसू लागतात.

दिवस हुरड्याच्या हंगामातला, डिसेंबर-जानेवारीतला निवडावा, कारण मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात व्हिस्कीतून आधी अल्कोहोलच नाकात चढते आणि बर्फ घातला तर वास मिटतो. तोवर बाटली टिनाच्या खोलीत न ठेवता घराच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बुचाला खाते. चाखणी उरकेपर्यंत आगटी पेटवू नये. एकदा गोवऱ्यांचा धूर नाकात बसला की मनुका आणि लाकूड यांतला फरक कोणी सांगू शकत नाही, शिवाय ६० टक्क्यांची व्हिस्की सहज पेट घेते.

मंडळींना आदल्या दिवशीच निरोप द्यावा की दुपारनंतर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद, अत्तर नको आणि सावजी रस्सा चाखणीनंतर. माझ्या अनुभवात खर्ऱ्याची अट सर्वांत जड जाते. येण्यापूर्वी साधे वरण-भात खावे. मधल्या वेळेस भाकरीचा कोरडा तुकडा चालतो, ठेचा चालत नाही. ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते असावेत. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. ओतल्यावर दहा मिनिटे त्यावर लहान ताटली झाकावी.

वासाची नावे घरातलीच घ्यावीत. शेरी ही स्पेनमधील हेरेस भागातील वाइन. ओलोरोसो शेरी राहिलेल्या पिंपातून खारीक, अक्रोड, लवंग आणि संत्र्याची वाळलेली साल येते, तर पेद्रो हिमेनेस ही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची शेरी असल्याने तिच्या पिंपातून काळी मनुका आणि काकवी. वाळलेली मोहफुले आठवली तर तसेच लिहावे. ओढलेल्या आगकाडीचा वास आला तर तो गंधकाचा असतो. पिंपे टिकवण्यासाठी त्यांत गंधक जाळण्याची पद्धत होती. रंगावर मात्र विसंबू नये, कारण स्कॉच व्हिस्कीत साधे कॅरॅमल घालण्यास कायद्याने मुभा आहे.

महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, तो प्रत्येकाने जवळ ठेवावा, आणि पंचवीस वर्षांखालील कोणालाही बोलावू नये. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने बेत तिकडे आखू नये. माणशी दोनच नमुने, प्रत्येकी १५ मिलिलिटर, ठेवावेत. हलकी माल्ट आधी आणि कास्क स्ट्रेंथ शेवटी, नाहीतर जीभ बधिर होते. रात्री मोटारसायकल कोणी चालवणार नाही, म्हणून बाजा आणि गोधड्या दुपारीच मोजून घ्याव्यात. रिकामे ग्लास रात्री विसळू नयेत. नाहीतर सकाळी कोरड्या ग्लासात पिंपाच्या लाकडाचा जो वास उरतो, तो वहीत टिपायचा राहून जातो.