क्युबिकचा ग्राफ काढताना या चुका टाळा

नाशिकला गंगापूर रोडला बारावीचं मॅथ्स शिकवते. दरवर्षी बॅच नवी पण क्युबिकच्या (ज्यात एक्सचा सगळ्यात मोठा घात ३ असतो) ग्राफमधल्या चुका त्याच, म्हणून आता लिहूनच टाकते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डेरिव्हेटिव्ह (म्हणजे ग्राफचा उतार) झिरो करून जो एक्स मिळाला तो परत डेरिव्हेटिव्हमध्येच टाकायचा. प्रिलिमच्या आदल्या संध्याकाळी सातपूरहून एक मुलगी आली, म्हणे मॅडम तीनदा काढला, जमतच नाहीये. फंक्शन होतं एक्स³ − ६एक्स² + ९एक्स + १. डेरिव्हेटिव्ह ३एक्स² − १२एक्स + ९ बरोबर, एक्स = १ आणि ३ पण बरोबर, आणि ठिपके कुठे तर (१, ०) आणि (३, ०)! खोडून खोडून ग्राफ पेपरला भोक पडायची वेळ आलेली. अगं, तो झिरो उताराचा आहे, उंचीचा नाही, उंची मूळ फंक्शनला विचारायची. तिथे टाकलं तर १ ला ५ आणि ३ ला १, दोन मिनिटांत ग्राफ झाला.

माझी एक सवय सांगते. दोन वळणांमधलं, म्हणजे मॅक्सिमा (वरचं वळण) आणि मिनिमा (खालचं वळण) यांच्यातलं, आडवं अंतर इथे २, त्याचं निम्मं १, तेवढंच दोन्ही बाजूंना बाहेर जायचं, म्हणजे ० आणि ४. शून्याला मिनिमाइतकीच उंची यायला हवी (१), चारला मॅक्सिमाइतकी (५). कुठल्याही दोन वळणांच्या क्युबिकला हे जुळतंच, नाही जुळलं तर आकडेमोड परत बघा.

डेरिव्हेटिव्ह झिरो म्हणजे मॅक्सिमा नाहीतर मिनिमा असणारच, असंही नाही. एक्स³ शून्यापाशी क्षणभर आडवा होतो आणि परत वरच जातो. एक्स³ + एक्सला तर वळणच नाही, उगाच शोधत बसू नका.

पॉइंट ऑफ इन्फ्लेक्शन, म्हणजे जिथे ग्राफचा बाक उलटतो ती जागा, बरेच जण सोडूनच देतात. कसारा घाटात लागोपाठ डावं-उजवं वळण घेताना मधे एक क्षण स्टिअरिंग सरळ होतं ना, तीच ती जागा. आपल्या गणितात (२, ३), दोन्ही वळणांच्या बरोब्बर मधे.

एक्स³ च्या मागे मायनस असेल तर ग्राफ डावीकडून वरून येतो, उजवीकडे खाली जातो.

ठिपके पट्टीने जोडू नका.

आणि मोबाईलवर ग्राफ बघून वहीत उतरवणं मला अजिबात पटत नाही, घाई असली तरी. आधी हाताने काढा, मग मोबाईलवर ताडून बघा, आणि फरक दिसला तर खोडायच्या आधी तो कुठून आला ते शोधा.