डोळे आलेत की ॲलर्जी? चोळण्याआधी हे करा

उन्हं तापायला लागली की आमचा धाकटा सकाळी उठल्याउठल्या मुठींनी डोळे चोळायला लागतो. पहिल्या वर्षी आम्ही ‘डोळे आले’ समजून त्याची चार दिवस शाळा बुडवली. ती ॲलर्जी होती.

आधी फरक ओळखा. दोन्ही डोळे सारखेच खाजतात, पाणी येतं, सोबत शिंका असतात आणि हे दरवर्षी त्याच दिवसांत होतं, तर बहुधा ॲलर्जी. पिवळी चिपडं, सकाळी चिकटलेल्या पापण्या, एका डोळ्यातून दुसऱ्यात गेलेली लाली, तर संसर्गाची शक्यता जास्त. ॲलर्जी कुणाला लागत नाही.

चोळणं थांबवा, हे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचं. चोळल्याने हिस्टामीन (खाज आणणारं शरीरातलंच रसायन) आणखी सुटतं, खाज वाढते. वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. त्याऐवजी सुती रुमाल गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं ठेवा. बाहेरून आल्यावर तोंड आणि केस धुवा, उशीचा अभ्रा वरचेवर बदला. लेन्स वापरत असाल तर या दिवसांत चष्माच बरा.

डॉक्टरांनी थेंब दिले की हात धुऊन खालची पापणी हलकेच ओढा आणि त्या खोबणीत एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबा. दुसरं औषध 5 मिनिटांनी. मूल डोळे घट्ट मिटत असेल तर उताणं झोपवून मिटल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा. डोळा उघडला की तो आपोआप आत जातो. गुलाबपाणी, मध काहीही घालू नका.

आता कळकळीची विनंती. मागच्या वर्षीची उरलेली बाटली किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब वापरू नका. त्यात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड असलं तर दोन दिवसांत आराम पडतो, म्हणूनच लोक ते महिनोन्‌महिने घालतात. आतून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टिरॉइड लागतंच कधीकधी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दाब तपासत.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.