गिअरबॉक्सचं माउंटिंग: शेवटचा आवळ जॅक काढल्यावरच

क्लच सोडला की गाडीच्या पोटात 'खट्' आवाज, निघताना गिअरच्या दांड्याला हिसका, आणि रस्त्यात थांबलं की डॅशबोर्डची थरथर. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत हे सगळं एकदम सुरू झालं, तर क्लच प्लेटवर खर्च करण्याआधी गिअरबॉक्सचं माउंटिंग बघा. दोन लोखंडी तुकड्यांमध्ये चिकटवलेला रबराचा ठोकळा, एवढीच ती वस्तू. गिअरबॉक्सचं वजन पेलायचं आणि इंजिनाची थरथर बॉडीपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. ते रबर तडकलं किंवा लोखंडापासून सुटलं की वरची सगळी लक्षणं दिसू लागतात.

खात्री करायला दुसरा माणूस लागतो. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, बोनेट उघडा. ब्रेक दाबून ठेवून त्याने आधी पहिला गिअर, मग रिव्हर्स टाकून क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडायचा. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर अजिबात नाही. इंजिन थोडं हलतंच. पण गिअरबॉक्सची बाजू उचलली जाऊन धपकन खाली बसत असेल, तर माउंटिंग गेलं. आवाज फक्त वळताना आणि 'टक टक' असा येत असेल, तर तो ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटचा असतो. त्यासाठी हा लेख नाही.

सुटलेल्या रबरात सिलिकॉन भरा, जुन्या टायरचा तुकडा ठोका, असले सल्ले गॅरेजच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण देतो. मी दोन्ही करून पाहिले आहेत. सिलिकॉन आठवडाभर टिकलं, आणि टायरच्या तुकड्याने गाडीचा रोड रोलर केला. भंगारातून काढलेलं माउंटिंगही घेऊ नका, तेही तुमच्याच माउंटिंगच्या वयाचं असतं. नवं आणा. म्हापशात किंवा मडगावात मिळालं नाही, तर बेळगावला जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. जुन्या माउंटिंगवर तेलाचा थर असेल, तर गळती आधी बंद करा. तेलाने रबर फुगून मऊ पडतं, म्हणजे नव्याचीही तीच गत होणार.

माझी गाडी 1998 सालची मारुती 800, त्यामुळे पुढचं सगळं आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल. जिप्सी किंवा अँबेसेडरमध्ये माउंटिंग गिअरबॉक्सच्या शेपटीखाली आडव्या पट्टीवर बसतं. तिथे जागा ऐसपैस मिळते, पण पुढे सांगितलेला वजनाचा नियम तोच.

आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. डिचोलीत खाणीची लाल धूळ आटे भरून टाकते, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने असे धरतात की पाना मारला की डोकंच हातात येतं. पावसाळ्यात उघड्या अंगणात हे काम नको. जांभ्याच्या ओल्या मातीत जॅक बघता बघता एका बाजूला बसतो. कोरड्या दिवसातही जॅकखाली जाड फळी घाला. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. बॅटरी आड येत असेल तर काढा.

आता दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली घ्या, मध्ये रुंद लाकडी ठोकळा ठेवून. आवरण ॲल्युमिनियमचं असतं. जॅकचं टोक थेट टेकवलं तर ते तडकतं, आणि ऑइल प्लगवर टेकवलं तर काय होतं ते विचारूच नका. गिअरबॉक्स वर उचलायचा नाही, फक्त त्याचं वजन जॅकवर घ्यायचं.

वजन नेमकं किती घ्यायचं, इथेच मी पहिल्यांदा फसलो. चवथ चार दिवसांवर आली होती, गॅरेजवाल्याकडे रांग, म्हणून म्हटलं आपणच करू. जुनं माउंटिंग निघालं, नवं बसेना. भोकं जेमतेम अर्ध्या बोटाने चुकत होती. मी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून दाबलं, बोल्ट तिरका लागला तरी पाना मारत राहिलो आणि गिअरबॉक्सच्या कानातले, म्हणजे बोल्ट बसतो त्या भोकातले, आटे गेले. तेव्हापासून मी बोल्ट बोटांनीच विचारतो. जुना बोल्ट सैल केल्यावर तो बोटांनी फिरून बाहेर येत असेल, तर जॅकची उंची बरोबर. अडत असेल तर जॅक केसभर वर, नाहीतर केसभर खाली, आणि पुन्हा बोटांनी बघायचं. बोल्ट आपणहून सुटेल ती उंची सापडली की जॅकला हात लावायचा नाही.

एवढं करूनही गिअरबॉक्स पुढे-मागे झुलतो आणि भोकं चुकतातच. त्यावर उपाय इंजिन धरून ठेवणाऱ्या बाकीच्या माउंटिंगमध्ये आहे. त्यांचे नट काढू नका, फक्त एक-दोन फेरे सैल करा. सगळं इंजिन एका अंगाने सरकायला तयार होतं आणि हाताने ढकलून भोकं जुळतात. टॉमी लावायचीच असेल तर लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून, आणि तीही फक्त सरकवायला. पोचायला सगळ्यात अवघड बोल्ट आधी लावा. सगळे बोल्ट हाताने निदान चार-पाच फेरे गेल्याशिवाय एकालाही पाना लावायचा नाही. एक पूर्ण आवळला की दुसऱ्याचं भोक हमखास सरकतं.

मग सगळेजण करतात ती चूक: जॅक गिअरबॉक्सखाली असतानाच सगळं घट्ट आवळून मोकळं होणं. त्या चवथीला नवे आटे पाडून घेतल्यावर मीही तेच केलं. गाडी आधीपेक्षा जास्त थरथरू लागली. मी दुकानदाराला दोष दिला, डुप्लिकेट माल दिला म्हणून. माल चांगला होता. वजन जॅकवर असताना आवळलेलं रबर, जॅक काढताच पिळलेल्या अवस्थेत अडकून बसतं. ते इंजिनाची थरथर गिळण्याऐवजी सरळ बॉडीत पाठवतं आणि लवकर फाटतं.

म्हणून बोल्ट बेताचे आवळा, म्हणजे नट वॉशरला टेकेल पण पाना अजून फिरेल इतके. गिअरबॉक्सखालचा जॅक काढा, गाडी जमिनीवर उतरवा, बॅटरी काढली असेल तर जोडा, खाली कुणी नाही याची खात्री करून न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटभर चालू ठेवा आणि बंद करा. बोनेटमधून इंजिन हाताने दोन-चार वेळा हलवून सोडा. आता ते जिथे बसलं आहे, ती त्याची खरी जागा. त्यानंतरच नवं माउंटिंग पक्कं आवळा, आणि मघाशी सैल केलेली बाकीची माउंटिंगही. ती विसरलात तर 'खट्' आवाज दुसऱ्या दिवशी परत येतो. किती जोराने आवळायचं तो आकडा (टॉर्क) गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. हाताच्या अंदाजावर मी एकदा आटे गमावले आहेत.

एखादा बोल्ट फक्त खालूनच हाती लागत असेल, तर इंजिन बंद ठेवून गाडी पुन्हा स्टँडवर घ्या, पण गिअरबॉक्सखाली जॅक लावू नका.

चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. गिअरबॉक्स आता मूळ उंचीवर आलेला असतो, त्यामुळे दांड्याची जागा थोडी बदललेली वाटते. एखादा गिअर अडत असेल तर लिंकेज, म्हणजे दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणारी सळी, जुळवून घ्या. पंधरा दिवसांनी नटांवर एकदा पाना फिरवा, चोर्ला घाट चढून आला असाल तर त्याआधीच.