अननस सोलताना डोळ्यांची रांग सांभाळावी

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात अननस सोलून देणाऱ्या विक्रेत्याचा हात थोडा वेळ थांबून पाहावा. सालीचा पातळ थर तो आधी उतरवतो आणि मग सुरी तिरकी धरून, फळ डाव्या हाताने फिरवत, तपकिरी डोळ्यांच्या ओळीच्या ओळी काढून टाकतो. घरी मात्र डोळे दिसेनासे होईपर्यंत साल जाड तासली जाते आणि तिच्याबरोबर बराचसा चांगला गर कचऱ्याच्या डब्यात जातो. एवढ्या महागाचे फळ असे वाया घालवणे मला मुळीच पटत नाही, म्हणून ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

प्रथम फळाची निवड. अननस झाडावरून उतरवल्यानंतर आणखी गोड होत नाही, कारण केळ्यासारखा पिष्टाचा साठा त्याच्यात नसतो. घरी चार दिवस ठेवला तर साल पिवळी पडते आणि गर मऊ होतो, पण गोडी आहे तेवढीच राहते. म्हणून तयार फळच घ्यावे. ते हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे आणि बुडाशी हुंगल्यावर गोड वास आला पाहिजे. आंबूस वास येत असेल, तर फळ उतरले आहे असे समजावे. पिकण्याची सुरुवात बुडाकडून होत असल्यामुळे पिवळेपणाही तिथेच आधी पाहावा. वाशीच्या घाऊक बाजारात केरळचा अननस मोठ्या प्रमाणावर येतो. एर्नाकुलम जिल्ह्यातील वाझाकुलमच्या अननसाला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले असून तिथे मुख्यतः मॉरिशस ही जात पिकते. तिचे डोळे खोल असतात, आणि अशा फळासाठी पुढे सांगितलेली रीत विशेष उपयोगाची आहे.

अख्खे फळ वाहत्या पाण्याखाली घासून धुवावे, कारण सालीवरची माती सुरीबरोबर गरात उतरते. ते कोरडे करून परातीत ठेवलेल्या फळीवर आडवे धरावे, म्हणजे रस ओट्यावर न सांडता परातीत जमा होतो. शेंडा आणि बूड बोटभर जाडीने कापून फळ सपाट बुडावर उभे करावे आणि त्याच्या गोलाईप्रमाणे सुरी वरून खाली आणत साल पट्ट्यापट्ट्यांनी काढावी. या वेळी डोळे काढण्याचा प्रयत्न करू नये; हिरवा-पिवळा भाग निघाला की पुरे.

आता सोललेले फळ नीट न्याहाळावे. अननस म्हणजे अनेक फुलांपासून तयार झालेली लहान लहान फळे एकत्र जुळून बनलेले एक फळ असते, आणि प्रत्येक डोळा ही अशा एकेका फुलाची जागा असते. हे डोळे विखुरलेले नसतात; ते जिन्यासारख्या चढत्या तिरक्या रांगांत बसलेले असतात, आणि बहुधा एका दिशेने 8, तर दुसऱ्या दिशेने 13 रांगा मोजता येतात. ज्या दिशेने डोळे एकमेकांच्या अधिक जवळ आहेत, ती दिशा धरावी. रांगेच्या एका कडेने सुरीचे टोक तिरके आत घालून डोळ्यांच्या मुळापर्यंत न्यावे, दुसऱ्या कडेनेही तसाच छेद द्यावा, म्हणजे मधली पट्टी डोळ्यांसकट एकसंध सुटून येते. पहिल्या पट्टीला वेळ लागतो, तिसऱ्या-चौथ्या पट्टीपासून हात बसतो. त्यानंतर फळाचे उभे चार भाग करून मधला कडक गाभा काढावा आणि हव्या तशा फोडी कराव्यात.

अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्याला ब्रोमेलेन हे प्रथिनांचे विघटन करणारे विकर बऱ्याच अंशी कारणीभूत असते. फोडी मिठाच्या पाण्यात काही मिनिटे ठेवून निथळून घेतल्या की चुरचुर कमी जाणवते, असा आमच्या घरातला अनुभव आहे. उष्णतेने मात्र हे विकर खात्रीने निष्क्रिय होते आणि स्वयंपाकात हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. एकदा मी दुधातल्या शिऱ्यात चिरलेला अननस अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर मिसळला होता. तासाभराने पाहुणे जेवायला बसले, तेव्हा शिऱ्याला स्पष्ट कडवट चव आली होती. दुधातील प्रथिने तुटून तसे होते. तेव्हापासून फोडी थोड्या पाण्यात साखर घालून मऊ होईपर्यंत शिजवल्याशिवाय मी त्यांना दुधाशी किंवा दह्याशी गाठ पडू देत नाही. जिलेटिनही प्रथिनच असल्यामुळे कच्च्या अननसाबरोबर घट्ट होत नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनते, त्यामुळे तिला ही अडचण येत नाही.

चिरलेल्या फोडी झाकणाच्या डब्यात, परातीत साठलेल्या रसासह फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवाव्यात. साली त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात टाकाव्यात, नाहीतर दुसऱ्या सकाळी ओट्यावर चिलटे जमतात. शेंडा मात्र टाकू नये: त्याला चिकटलेला गर आणि खालची पाने काढून तो दोन दिवस सावलीत सुकवावा आणि बाल्कनीतल्या कुंडीत, पाणी साचणार नाही अशा मातीत लावावा. फळ धरायला दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.