कढीपत्त्यावरची अळी घरी कशी वाढवायची

पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलमधल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, जवळून बघा, ती बहुतेक कॉमन मॉरमॉन नाहीतर लाइम बटरफ्लाय या फुलपाखराची छोटी अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते.

तिला फांदीसकट मोठ्या बरणीत ठेवायचं, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबरबँडने लावायचा. खाली टिश्यू, रोज बदलायचा कारण शी खूप करते, आणि ओल राहिली की बुरशी धरते. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवलीत तर बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबा, नाहीतर अळी आत पडून बुडते.

पानं फक्त घरच्या झाडाची!! मी एकदा बाजारातली जुडी धुऊन घातली, दोन दिवसांत चारही अळ्या गेल्या, फवारणीचं औषध धुऊन जात नाही. अजून वाईट वाटतं.

उगाच हात लावू नका, घाबरली की डोक्यामागून लालसर दुतोंडी शिंग काढते, उग्र वास येतो.

एक दिवस खाणं थांबतं, पातळ शी होते, मग ती भटकते आणि काडीला रेशमाचा पट्टा बांधून कोष करते. आता हलवायचं नाही. मुंबईच्या हवेत साधारण दीड-दोन आठवडे. कोष काळपट दिसला की फुलपाखरू बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी येतं, पंख चुरगळलेले, ओले, लटकून सुकवायला जागा हवीच. दोन-तीन तासांनी खिडकी उघडा.